भेटीदाखल आलेलें आरोग्य

गेल्या संक्रांतीस आमच्याच इमारतींत तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतें. सौ. तेथून परत आली तेव्हां तिच्या हातांत तिळगुळाची पुडी, बोटभर उंचीची एक निळी कुपी आणि सोळा पानांची एक गुळगुळीत पुस्तिका अशा तीन वस्तु होत्या. तिळगूळ आम्हीं तत्काळ खाल्ला. कुपी व पुस्तिका जेवणाच्या टेबलावर तशाच राहिल्या. मीं चष्मा लावून पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली व खालीं ठेवली. तेव्हां सौ. म्हणाली, "आतां ह्याचं करायचं काय?"

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागतांच मला २०१८ सालच्या भाऊबिजेची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नाहीं. म्हणून ह्या महिन्याचें सदर त्या निळ्या कुपीकडे लावलें आहे. वाचकांच्या घरींही अशी एखादी कुपी कोठें तरी असेलच.

पूर्वीं वाण म्हणजे सुगडांतला ऊस, बोरें, हरभऱ्याचे घाटे व गव्हाच्या ओंब्या. पुढें स्टीलच्या वाट्या आल्या, त्यांमागून प्लास्टिकचे डबे आले, आणि घरोघर माळ्यावर त्या डब्यांचा डोंगर झाला. डब्यांविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. डबा कोणास उपदेश करीत नाहीं. ही कुपी मात्र उपदेश करणारी होती. तिच्यांतील चार थेंब पेलाभर पाण्यांत टाकले कीं पाणी अल्कधर्मी होतें, तें प्याल्यानें शरीरांतील आम्लता नाहींशी होते, आणि आम्लता गेली कीं मधुमेह, संधिवात, रक्तदाब व कर्करोग हे चारी रोग मुळापासून जातात, असें पुस्तिकेंत होतें. नवव्या पानावर ठळक अक्षरांत एक सूचना होती ती ही कीं, नित्याच्या गोळ्या हळूहळू बंद कराव्या. गोड बोलावयास सांगणाऱ्या सणाच्या दिवशीं ही सूचना आमच्या घरांत आली. आणि आमच्या घरांत दोघेंही साठी ओलांडलेलीं, दोघांनाही रक्तदाबाची गोळी. शिवाय संक्रांतीचें वाण. तें सवाष्णीनें नाकारावयाचें नसतें.

आम्ही राहतों तो भाग खांदेश्वराचा. जुनें शिवालय, त्यास लागून तळें, भोंवतीं सिडकोनें वसविलेली खांदा कॉलनी, आणि हार्बर मार्गावरचें पनवेलच्या अलीकडलें स्टेशन. कचेऱ्या, बँका व शाळा यांतून निवृत्त झालेलीं माणसें येथें पुष्कळ. सकाळीं तळ्याकाठीं फेऱ्या घालणाऱ्यांत राजकारणाचा विषय दहा मिनिटें टिकतो, गुडघ्यांचा तासभर. अशा वस्तींत आरोग्याच्या नांवानें येणारी भेट कांहीं परक्याकडून येत नाहीं. ती सुनेच्या माहेराहून येते, मुलाच्या मित्राकडून येते, जुन्या विद्यार्थ्याकडून येते, आणि बहुधा खऱ्या कळकळीनें येते. दारावर येणाऱ्या विक्रेत्यास 'नको' म्हणतां येतें. भाच्यानें स्वतः उकळून आणलेल्या काढ्यास काय म्हणावें?

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं देणाऱ्याचा जितका विचार केला तितकाच घेणाऱ्याचाही केला आहे. प्रतिग्रह हा तेथें एक मोठा विषय आहे. माझें संस्कृत वडिलांच्या हाताखालीं झालें, पुढची पदवी मजजवळ नाहीं, मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तेव्हां शास्त्रार्थ करण्याचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु दानाची जी कल्पना लहानपणीं मनावर ठसली तिचा मथितार्थ असा कीं, देणाऱ्याचें स्वामित्व संपावें व घेणाऱ्याचें उत्पन्न व्हावें, तेव्हां दान पुरें झालें. ह्यांतच आमच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. वस्तु माझी झाली असेल तर ती वापरावी, ठेवावी कीं टाकावी हें माझ्या हातीं. 'किती थेंब घेतलेत? फरक वाटतोय ना?' असें जो आठव्या दिवशीं फोन करून विचारतो त्यानें दान केलेलें नाहीं. त्यानें ठेव ठेवली आहे, आणि तो व्याज मागावयास आला आहे.

यास्तव भेट घ्यावी, आभार मानावे, आणि ते देण्याबद्दल मानावे, वस्तूच्या गुणाबद्दल नव्हे. 'तुम्हीं आमची आठवण ठेवलीत, बरं वाटलं' हें वाक्य खरें आहे आणि पुरेसें आहे. त्यास 'फारच उपयोगी वस्तु' हे तीन शब्द जोडले कीं खोटें सुरू झालें. हें खोटें निरुपद्रवी असतें असें मी चाळीस वर्षें समजत आलों होतों.

सगळ्याच भेटी एका पारड्यांत घालूं नयेत. माझ्या एकसष्टीस धाकट्या मेहुण्यानें तांब्याचा मोठा तांब्या दिला, व त्याबरोबर तांब्यांतील पाण्याचे बावीस गुण छापलेला एक कागद. त्यांतले एकवीस मीं सोडून दिले. एक मात्र खरा आहे. २०१२ सालीं बंगळूरच्या संशोधकांनीं पटकी, हगवण इत्यादिकांचे जंतु मुद्दाम पाण्यांत सोडून तें पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवून पाहिलें. नंतर त्यांतून एकही जंतु वाढवितां आला नाहीं, आणि पाण्यांत उतरलेलें तांबें जागतिक आरोग्य संघटनेनें घातलेल्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागें २ मिलिग्रॅमच्या, पुष्कळ आंत राहिलें. आमच्या आजीला हे आंकडे ठाऊक नव्हते. परंतु ताक किंवा लिंबाचें सरबत कल्हई नसलेल्या भांड्यांत ठेवावयाचें नाहीं एवढें तिला ठाऊक होतें, आणि तेंही ह्याच रसायनशास्त्रांतलें. तो तांब्या आम्ही रोज वापरतों, मेहुण्यास तसें सांगतों, आणि कागदाचा विषय दोघेही काढीत नाहीं.

निळ्या कुपीची गोष्ट निराळी. आपल्या जठरांत मूळचेंच तीव्र आम्ल असतें. चार थेंबांची अल्कता तेथें पोंचतांच संपून जाते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यांत राखण्याचें काम फुप्फुसें व मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. तो त्याबाहेर फार गेला तर माणूस अतिदक्षता विभागांत असतो, हळदीकुंकवाला जात नाहीं. चुंबकाच्या कड्याचेंही तसेंच. रक्तांत लोह आहे, चुंबक लोहास ओढतो, म्हणून कडें घातल्यानें रक्त वेगानें फिरतें, असा त्यांतील तर्क. सातवींतल्या मुलास तो पटेल. परंतु हें लोह हिमोग्लोबिनांत बांधलेलें असतें. खिळ्याप्रमाणें तें चुंबकास चिकटत नाहीं. एम. आर. आय.च्या यंत्रांत दीड ते तीन टेस्ला शक्तीचें चुंबक असतें, कोणत्याही कड्याहून कितीतरी प्रबळ. त्यांत अर्धा तास पडून राहिलेल्या माणसाचें रक्त कांहीं एका बाजूस गोळा होत नाहीं. असो. कडें मनगटांत असलें काय नि खणांत असलें काय, त्यानें विशेष बिघडत नाहीं. ज्याच्या शरीरांत पेसमेकर बसविला आहे त्यानें मात्र चुंबकाची कसलीही वस्तु डॉक्टरांस विचारल्यावांचून छातीजवळ नेऊं नये.

आतां ती भाऊबीज.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, जुन्या पनवेलींत राहते. मधुमेह वीस वर्षांचा. गोळ्या, पथ्य, चालणें सारें नियमित. २०१८ च्या भाऊबिजेस मी तिच्याकडे जेवावयास गेलों होतों. तिच्या यजमानांचा पुतण्या त्याच दिवशीं आला. हुशार, मनमिळाऊ मुलगा. यजमान गेल्यापासून अक्काच्या वीजबिलापासून गॅसपर्यंत सर्व तोच पाहतो. त्यानें काकूसाठीं एका चूर्णाचा डबा व एक जाड पुस्तक आणलें होतें. पुस्तकांत असें प्रतिपादन कीं मधुमेह हा रोगच नव्हे, तो औषध कंपन्यांनीं रचलेला बनाव आहे, व गोळ्यांनींच मूत्रपिंडें कुजतात. पुतण्यानें पुस्तक मोठ्या आदरानें माझ्या हातीं दिलें. मीं चार ठिकाणीं उघडून पाहिलें, आणि त्यांतलें भयंकर अज्ञान माझ्या तत्काळ ध्यानांत आलें. परंतु समोर पाट मांडलेले, निरांजन लावलेलें, मुलगा उत्सुकतेनें माझ्या तोंडाकडे पाहत बसलेला. सणाच्या दिवशीं त्याचा हिरमोड कशाला करावा? मी म्हणालों, "छान आहे." मनांत म्हटलें, छपाई छान आहे.

फेब्रुवारींत अक्काच्या उजव्या पायाच्या बोटास चप्पल लागून जखम झाली. ती तिला फारशी दुखलीच नाहीं. जुन्या मधुमेहांत पायाची संवेदना मंद होते ती अशी. जखम चिघळली, ताप आला, तेव्हां रुग्णालयांत नेलें. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची जी तपासणी असते तिचा आंकडा पूर्वीं ७ च्या आसपास असे, तो ११ च्या वर गेला होता. डॉक्टरांनीं विचारलें, "गोळ्या घेतां ना?" अक्का गप्प. दिवाळीपासून तिनें एकही गोळी घेतली नव्हती. करंगळीशेजारचें बोट काढावें लागलें. पाय वांचला.

मी संतापून पुतण्यास बोलावयास निघालों होतों. अक्कानें मला खाटेजवळ बसविलें व शांतपणें म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? तो लहान आहे, त्याला काय कळतंय. पुस्तक तूंही पाहिलंस आणि 'छान आहे' म्हणालास. तूं संस्कृत शिकलेला. मला वाटलं, तुला पटलं."

माझ्या चाळीस वर्षांच्या सौजन्याचा हिशेब तिनें दोन वाक्यांत केला. पुतण्या त्या वेळीं बाहेरच्या बाकावर रडत बसला होता. त्याच्या हातून चूक झाली ती अज्ञानानें झाली. माझ्या हातून झाली ती समजून उमजून, केवळ प्रसंग गोड राहावा म्हणून. ह्याबद्दल मी इतकी वर्षें कोठें लिहिलें नव्हतें.

वाचकांपैकीं कोणी असें समजूं नये कीं मी आमच्या जुन्या वैद्यकाची निंदा करीत आहें. पनवेल हें आयुर्वेदाचें जुनें गांव. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिकांनीं येथें श्रीधूतपापेश्वर ही औषधशाळा काढली. जुन्या ग्रंथांबद्दल ज्यास खरा आदर आहे त्यानें चरकसंहितेंतील सूत्रस्थानाचा एकोणतिसावा अध्याय अवश्य पाहावा. त्यांत वैद्यांचे दोन वर्ग केले आहेत, एक प्राणांच्या बाजूनें उभा राहणारा व दुसरा रोगाच्या बाजूनें. दुसऱ्याचें जें वर्णन तेथें आहे तें वाचतांना मला पुस्तिका वाटणाऱ्या ह्या साऱ्या संप्रदायाची आठवण होते. कोणी आजारी आहे असें कानीं पडतांच हे लोक त्याच्याभोंवतीं घिरट्या घालूं लागतात. त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें स्वतःचे गुण उंच स्वरांत गातात. उपचार करीत असलेल्या वैद्याचे दोष वारंवार काढतात. रोग्याच्या मित्रांस गोड बोलून, सेवा करून आपलेसें करतात. आणि आपल्याला फारसें कांहीं नको आहे असें सांगत सुटतात. म्हणजे भेटवस्तु, तोंडी जाहिरात व 'मला ह्यांत कांहीं मिळत नाहीं, केवळ तुमच्यासाठीं' हें वाक्य, ह्या तिन्ही गोष्टी चरकाच्या परिचयाच्या होत्या.

वनस्पति आहे म्हणजे ती निरुपद्रवीच, हीही एक समजूत. करोनाच्या सांथींत गुळवेलीचा काढा घरोघर झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईंतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. हा वृत्तान्त २०२१ सालीं प्रसिद्ध झाला तेव्हां केंद्रीय आयुष मंत्रालयानें त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पति त्या रुग्णांच्या पोटांत गेली असेल, असें त्यांचें म्हणणें. पुढें २०२२ सालीं देशांतील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. हा वाद तज्ज्ञांचा आहे. परंतु वेल खरी कीं खोटी, एवढेंही ज्यास सांगतां येत नाहीं त्यानें ती बाटलींत भरून शेजाऱ्याच्या सासूस द्यावी काय, हा प्रश्न आपल्यासारख्या गृहस्थांचा आहे.

कायद्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुष्कळ सुशिक्षितांनाही तें ठाऊक नसतें. औषधें व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींचा केंद्रीय कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या परिशिष्टांत ५४ रोगांचीं नांवें आहेत व मधुमेह, कर्करोग, रक्तदाब हीं त्यांतलींच. ते बरे करण्याची जाहिरात करणें हाच गुन्हा. २०२४ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयापुढें चाललेल्या प्रकरणांत पतंजलि आयुर्वेद ह्या संस्थेस ६७ वृत्तपत्रांतून जाहीर क्षमा मागावी लागली, ती अशाच प्रकारच्या जाहिरातींवरून. तक्रार करावयाची असल्यास ती अन्न व औषध प्रशासनाकडे करतां येते. आणि एक सोपी परीक्षा घरबसल्या होण्यासारखी आहे. आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ह्या डब्यांवर औषध म्हणून उपयोगासाठीं नाहीं अशी सूचना छापावी लागते. मीं आमच्याकडे आलेल्या एका बाटलीवर ती शोधली, भिंगाखालीं सांपडली. देणारा म्हणतो रोग जातो; बाटली म्हणते मी औषध नव्हे. दोघांपैकीं बाटली अधिक प्रामाणिक.

तथापि शेजारणीवर कायद्याचें पुस्तक उगारणें हा कांहीं मार्ग नव्हे. सौ. नें दुसऱ्या दिवशीं जें केलें तें मला अधिक शहाणपणाचें वाटलें. ती दोन गुळपोळ्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर म्हणाली, "अगं, वाण घेतलं ते घेतलं. पण आमच्याकडे दोघांच्याही गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पाण्यांत कांहीं घालीत नाहीं. तुला उगीच वाटायला नको कीं काकूंनीं वापरून पाहिलं नाहीं. आणि नववं पान एकदां वाच बाई. तुझ्या सासऱ्यांना साखर आहे."

ती बाई क्षणभर गोरीमोरी झाली, मग हंसूं लागली. "काकू, मी तरी कुठं घेते? ह्यांच्या बहिणीनं पंचवीस कुप्या आणून दिल्या. पैसे भरलेले, परत घेत नाहींत. म्हटलं, वाण म्हणून तरी संपतील." पुस्तिका तिनें स्वतःही उघडली नव्हती! सासऱ्यांचें नांव निघतांच मात्र तिनें उरलेल्या पुस्तिका कपाटांतून काढून रद्दींत टाकल्या. सौ. परत येतांना गुळपोळीच्या ताटलींत तिच्याकडचा पेरू घेऊन आली.

ह्या साऱ्या देण्याघेण्याच्या तळाशीं पुष्कळदां हें असें असतें, कोणी तरी आगाऊ भरलेले पैसे. मला तें समजलें माझ्या एका विद्यार्थ्यामुळें. तो त्याआधींच्या गुरुपौर्णिमेस आला. तळोज्याच्या एका कारखान्यांत नोकरी होती, ती गेली होती. पायां पडून त्यानें एक मोठें खोकें पुढें ठेवलें: चूर्ण, रसाची बाटली, चुंबकाचें कडें आणि माहितीपत्रक. खोक्यावर किंमत छापलेली होती, ४,८०० रुपये. मीं अवघडून ठेवून घेतलें. पंधरा दिवसांनीं स्टेशनावर एक जुने पालक भेटले. म्हणाले, "सर, तुम्ही पण तो रस घेतां म्हणे? तुमचा विद्यार्थी काल सभेंत सांगत होता." पुन्हा तेंच! ह्या वेळीं मीं 'छान आहे' असें म्हटलेंही नव्हतें. नुसता गप्प राहिलों होतों, तर माझें मौन व्यासपीठावर जाऊन बसलें होतें.

भेट परत करूं नये हें मीं वर म्हटलें आहे. येथें अपवाद केला. एक तर त्या मुलाला ४,८०० रुपये झेपणारे नव्हते, आणि दुसरें, वस्तु माझ्या घरांत असेपर्यंत माझें नांव त्याच्या सभेंत राहणार होतें. घरीं येऊन पत्र लिहिलें. अशा प्रसंगीं शब्द कसे योजावे हें कित्येक वाचक विचारतात, म्हणून तें येथें देतों:

"चि. — यास अनेक आशीर्वाद. वि. वि. गुरुपौर्णिमेस तूं आठवणीनें आलास, फार बरें वाटलें. तूं दिलेलें खोकें ह्या पत्राबरोबर परत पाठवीत आहें. कारण लपवीत नाहीं. मी व तुझ्या काकू डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध घेतों व त्यांना विचारल्यावांचून त्यांत भर घालीत नाहीं. तुझ्या माहितीपत्रकांत गोळ्या सोडण्यास सांगितलें आहे, तें मला मान्य नाहीं. माझ्या बहिणीनें तसें केलें. त्याचें काय झालें तें भेटीअंतीं सांगेन. माझें नांव पुन्हा कोठल्याही सभेंत घेऊं नये. ह्या वस्तु विकून तुझे पैसे मोकळे होत असतील तर मी आड येत नाहीं. परंतु साखर, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या कोणासही त्या गोळ्यांऐवजीं म्हणून देऊं नकोस, एवढें माझ्यासाठीं कर. दुसरें काम कोठें मिळालें काय? रविवारीं सकाळीं मी घरींच असतों. चहास ये, आणि रिकाम्या हातीं ये. कळावें, हे आशीर्वाद."

पत्र पाठविल्यावर महिनाभर कांहीं उत्तर नाहीं. मुलगा दुखावला, गेला, असें मीं धरून चाललों. सौ. नें दोनदां सुचविलें कीं फोन करावा. मीं केला नाहीं. सत्य सांगितल्यावर माणूस दुरावतो ह्याची तयारी ठेवावीच लागते, व ती माझी होती असें मी म्हणूं शकत नाहीं. मग एका रविवारीं तो आला, खरोखरच रिकाम्या हातीं. घरांत साठ हजारांचा माल पडून आहे, बायकोचें मंगळसूत्र गहाण आहे, असें त्यानें सांगितलें. थेट विक्रीच्या धंद्यासाठीं २०२१ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें ग्राहक संरक्षण कायद्याखालीं नियम केले आहेत व साखळींत माणसें जोडण्याच्या पिरॅमिड योजनांस त्यांत मनाई आहे. ते नियम आम्हीं दोघांनीं मिळून वाचले, आणि माल परत घेण्याविषयींचा अर्ज मीं त्याला लिहून दिला. अद्याप अर्धाच पैसा आला आहे. रोगी माणसांस तो विकणें त्यानें सोडलें, असें तो म्हणतो. मी त्यावर विश्वास ठेवतों. अक्काची गोष्ट मीं त्याला सांगितली तेव्हां त्यानें तिचा पत्ता विचारला. तीन महिन्यांतून एकदां तिला पाय तपासावयास न्यावें लागतें. पुतण्यास सवड नसेल तेव्हां हल्लीं हा आपल्या मोटरसायकलनें पनवेलीस जातो, आणि तिथून तिला रिक्षानें घेऊन जातो.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं मीं अक्कास वाचून दाखविला. तिच्या पायाचा उल्लेख तिच्या परवानगीशिवाय करणें बरें नव्हे. तिनें सगळा ऐकला. म्हणाली, "'छान आहे'चं लिहिलंस ना? मग चालेल."

मग मी पाणी प्यावयास आंत गेलों. गेल्या भाऊबिजेस मीं तिला एक डबी दिली होती, सात वारांचे सात कप्पे असलेली, गोळ्या विसरूं नयेत म्हणून. फार विचार करून आणली होती, आणि तिनें ती हातांत घेऊन मोठ्या प्रेमानें 'छान आहे' असें म्हटलें होतें. ती डबी मला मसाल्याच्या फळीवर दिसली. उघडून पाहिली. सोमवारांत लवंगा होत्या, मंगळवारांत वेलदोडे, बुधवारांत जायफळाचा तुकडा. गोळ्या पूर्वींच्याच बिस्किटाच्या डब्यांत, तिच्या उशाशीं. मीं झांकण लावून डबी होती तेथें ठेविली आणि बाहेर आलों.